सेहेचाळीस नंबरचा प्लॉट

जळगाव जिल्ह्यात दातांवाचून कोणी उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही. ती सोय निसर्गाने आणि इथल्या मायमाऊल्यांनी मिळून कधीच करून ठेवली आहे. रावेर-यावलच्या केळीला दात लावणे म्हणजे तिचा अपमान. ती ओठांनीच संपते. भरताचे वांगे काड्यांच्या जाळावर भाजून, बडगीत घालून असे कुटतात की चावण्याचे काम स्वयंपाकघरातच उरकलेले असते; जेवणाऱ्याने फक्त तोंड उघडायचे. शेवभाजीतली शेव रश्शात दोन मिनिटे बसली की तिची शरणागती पक्की. 2016 साली जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अभिनंदन झाले ते शेतकऱ्यांचे. माझ्या मते जिल्ह्यातल्या बोळक्या आजोबांचेही व्हायला हवे होते. त्यांच्या आहारावर सरकारी शिक्का बसला होता.

मग दात लागतो कुठे? कळण्याच्या भाकरीच्या कडेला, भट्टीवरच्या फुटाण्यांना, हिवाळ्यात मेहरूणच्या बोरांना. एवढ्यापुरता दात नसला तरी संसार अडत नाही. अडते ते निराळ्याच ठिकाणी. तोंडात दात असतो तोवर त्याची चौकशी कोणी करत नाही. तो गेला, की चौकशीशिवाय दुसरे काही उरत नाही.

त्यातही कोणता गेला याला महत्त्व आहे. दंतवैद्यांच्या हिशेबात तोंडाचे चार भाग आणि प्रत्येक भागात आठ घरे. खालच्या उजव्या भागाचा क्रमांक 4, आणि त्यातला मधल्या रेषेपासून सहावा दात म्हणजे 46. ही मोठी दाढ मूल सहा वर्षांचे असताना गुपचूप मागच्या बाजूला उगवते. कुठलाही दुधाचा दात पाडून ती येत नाही, त्यामुळे आईबापांना वाटते हीसुद्धा दुधाचीच, पडायचीच आहे, घासली काय अन् न घासली काय. परिणामी सगळ्यांत आधी किडण्याचा मान बहुधा हिलाच मिळतो. तिची डावीकडची जुळी बहीण 36 नंबरची. तिच्याशी पुष्कळांचा छत्तीसचा आकडा असतो तो असा.

माझी 46 नंबरची दाढ उभी चिरली आणि काढावी लागली. पुढचा दात असता तर त्याच संध्याकाळी नवा बसवून घेतला असता. घरच्यांनीच हाताला धरून नेले असते. लग्नाच्या फोटोत बापमाणसाला खिडकी दिसणे खान्देशात परवडत नाही. मागची दाढ गेली तर मात्र वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे आपण म्हणतो खरे, पण खर्च करायची वेळ आली की सगळे घर दाखवायच्या दातांच्या बाजूने उभे राहते.

डॉक्टर म्हणाले, “तीन पर्याय आहेत. काढता-घालता दात, ब्रिज, नाहीतर इम्प्लांट. घरी विचारून सांगा.”

शेवटचे वाक्य ते सवयीने बोलले असावेत. आमचे ‘घर’ जळगावला सुरू होते आणि धुळ्याला संपते. 1906 साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पूर्वेचा कारभार जळगावहून चालू लागला, पश्चिमेचा धुळ्याहून. पुढे 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. पण ही वाटणी कागदावरची. सोयरीक अजूनही अखंड खान्देशाच्या नकाशावरच होते. मी जळगावचा, सासुरवाडी धुळ्याची. त्यामुळे माझ्या जबड्यातली पोकळी ही बघता बघता आंतरजिल्हा बाब झाली.

पहिले मत शेजारच्या आप्पांचे पडले. “एका दाताने काय होतं भो? आमच्या वडिलांचे सगळे गेले होते. पंच्याऐंशी वर्षं जगले.” हा चौथा पर्याय डॉक्टरांच्या यादीत नव्हता: काहीच न करणे. तो सर्वांत स्वस्त, आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय.

पण आप्पा निवृत्त तलाठी, आणि त्यांना ते त्यांच्याच भाषेत सांगावे लागले. म्हटले, आप्पा, रिकामा प्लॉट तसाच ठेवला तर काय होते? आप्पांनी उत्तर द्यायला क्षणाचाही वेळ घेतला नाही. नेमके तेच तोंडात होते. मागची 47 नंबरची दाढ मोकळ्या जागेकडे कलते. पुढचा 45 जमेल तसा मागे सरकतो. आणि वरची 16 नंबरची दाढ, जिला आता खाली टेकायला कोणी राहिलेले नाही, ती हळूहळू खाली उतरून जागेची पाहणी करू लागते. वर्षा-दोन वर्षांनी तुम्ही बांधकामाला जाल तर जागाच मापात भरत नाही. शिवाय जमीनही झिजते. दात निघाला की भोवतालच्या हाडाला काम उरत नाही. ते रुंदीने कमी होत जाते, आणि सर्वांत जास्त पहिल्याच वर्षात.

“म्हणजे अतिक्रमण आणि वर धूप,” आप्पा म्हणाले. “मग तार कंपाउंड तरी कर.” काही न करण्याचा पर्याय अशा रीतीने महसूल खात्यानेच फेटाळला.

तार कंपाउंडाचा सल्ला तोंडाच्या बाबतीतही अगदीच गैरलागू नाही. काढता-घालता दात हे त्याचेच नाव. गुलाबी अॅक्रिलिकची छोटी पट्टी, तिच्यावर एक दात, आणि शेजारच्या दातांना धरून ठेवणाऱ्या तारा. हजार-दोन हजारांत काम, चार-आठ दिवसांत तयार, शेजाऱ्यांना फारसा त्रास नाही. रात्री काढून पाण्यात ठेवायची. तरीही पाठीमागच्या एका दाढेसाठी डॉक्टर हा पर्याय सांगतात तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली येतो. चावताना ती हलते, कडेला अन्न साठते, आणि एवढीशी वस्तू झोपेत गिळली गेली तर तिच्या परतीची वाट पाहण्यात कुटुंबाचे दोन दिवस जातात. तात्पुरती सोय म्हणून ठीक, असे ते म्हणतात. आपल्याकडे तात्पुरत्या सोयी किती वर्षे चालतात, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते.

या पर्यायाची वकिली मावशींनी केली. मावशींची पूर्ण कवळी आहे आणि तिच्या नावावर एक इतिहास आहे. एका लग्नात वरण-बट्टी जेवताना कवळी टोचू लागली म्हणून त्यांनी ती काढून कागदी रुमालात गुंडाळली आणि पत्रावळीशेजारी ठेवली. वाढपी पोरांनी पत्रावळीसकट उचलली. मग वऱ्हाडातले चार जबाबदार पुरुष मांडवामागच्या उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात उतरले. अर्ध्या तासाने कवळी सापडली. खरे तर दोन सापडल्या. मावशींनी दोन्ही धुऊन घालून पाहिल्या आणि त्यातली जी बरी बसली ती घेतली. ती त्यांचीच होती का, हा प्रश्न घरात आजही विचारत नाहीत.

मावशींना म्हटले, तुमच्या कवळीचे पूर्वज फार भारी होते. अॅक्रिलिक आले ते गेल्या शतकात. त्याआधी युरोपात पाणघोड्याच्या दातापासून कवळ्या कोरत, आणि श्रीमंतांना खऱ्या माणसांचे दात बसवून मिळत. 1815 साली वॉटर्लूची लढाई झाली, तेव्हा रणांगणावर पडलेल्या जवान शिपायांचे दात उपटून इंग्लंडात विकले गेले. ‘वॉटर्लूचे दात’ या नावाने ते ओळखले जात. मावशींनी ऐकून घेतले, क्षणभर तोंडातली वस्तू जिभेने चाचपली, आणि त्यानंतर वकिली थांबवली.

ब्रिजची बाजू वहिनींनी मांडली. ब्रिज म्हणजे तीन दातांची जोडलेली रांग: मधला खोटा, दोन्ही बाजूंचे पोकळ. हे पोकळ दात बसायला हवेत म्हणून आपले 45 आणि 47 चहूबाजूंनी तासून बारीक करायचे आणि त्यांच्यावर ती रांग सिमेंटने चिकटवायची. आठवडा-पंधरवड्यात काम संपते, काढघाल नाही, खाणेपिणे लगेच सुरू. साध्या मेटल-सिरॅमिकचा दहा-पंधरा हजारांपासून. झिरकोनियाचा घेतला तर त्याहून वर. वहिनींचा झिरकोनियाचा. त्याबरोबर वॉरंटी कार्ड मिळाले, ते त्यांनी कपाटाच्या लॉकरमध्ये सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली ठेवले आहे. कार्डावर पंधरा वर्षे पाहून आप्पांनी विचारले, “वॉरंटी दाताची, का माणसाची?”

पण आप्पांची मुख्य हरकत कायद्याची होती. “तुझ्या प्लॉटवर बांधकाम, आणि भिंती दोन्ही शेजाऱ्यांच्या पाडायच्या? त्यांनी काय घोडं मारलंय?” हरकत रास्त होती. शेजारचे दात आधीच भरलेले, रूट कॅनाल झालेले, कॅप घालायला टेकलेले असतील, तर ब्रिज शहाणपणाचा; एका खर्चात तीन कामे होतात. पण धडधाकट दातांचे इनॅमल तासले की ते परत उगवत नाही. आणि तिघे एकत्र बांधले गेले म्हणजे सुखदुःखही एकत्र: एका टोकाचा खांब किडला तर तक्रार एकाची आणि उतरवायची सगळी रांग. खालून स्वच्छ करायला वेगळा दोरा ओवावा लागतो. वहिनी तो रात्री न चुकता ओवतात. त्यांना सुईत दोरा ओवायला मात्र नातवाला हाक मारावी लागते.

जळगावात कुठलाही विषय निघाला तरी तो सराफ बाजारावरून गेल्याशिवाय घरी पोचत नाही. सोन्याच्या दाताची सूचना माझ्या आजेसासूबाईंची. त्यांच्या तरुणपणी समोरच्या दातात सोन्याचा कण चमकला की त्या घरची ऐपत वेगळी सांगावी लागत नसे. आणि सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्टीने शेजारच्या दातांना बांधून खोटे दात बसवले होते. म्हणजे ब्रिजची कल्पना सोन्यातूनच आली. दंतवैद्यही सांगतात की सोन्याच्या मिश्रधातूची कॅप दाढेला उत्तम. ती समोरच्या दाताला झिजवत नाही आणि कडेला घट्ट बसते.

पण 2025 मध्ये तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडला आणि सोन्याने माणसाच्या तोंडातून काढता पाय घेतला. दवाखान्यात चौकशी करायला सोबत आलेल्या मामांनी डॉक्टरांना विचारले, “घडणावळ किती टक्के? आणि मोडताना घट धरणार का?” डॉक्टरांना उत्तर सुचले नाही. आजेसासूबाईंचा मुद्दा मात्र शेवटपर्यंत खोडता आला नाही. त्या म्हणाल्या, माणूस जाताना तोंडात सोन्याचा कण ठेवावा लागतो. तो आधीपासूनच बसवलेला असला तर ऐनवेळी पोरांची धावपळ नाही.

इम्प्लांटची बाजू पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर मांडली. त्याच्याकडे स्लाइड्स होत्या. गोष्ट अशी की 1952 साली पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा स्वीडिश संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होता. त्यासाठी त्याने हाडात टायटॅनियमचे एक छोटे नळकांडे बसवले. काम झाल्यावर ते काढायला गेला, तर निघेना. हाडाने ते आपले म्हणून धरून ठेवले होते. दुसरा असता तर त्याने नळकांडे वाया गेल्याची तक्रार केली असती. याने 1965 साली गोथेनबर्गमध्ये एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवून त्यांवर दात उभे केले. पुढे जगभर हीच रीत झाली: हाडात स्क्रू, त्यावर जोडखांब, त्यावर कॅप. शेजाऱ्यांच्या भिंतीला हात लावायचा नाही, पाया स्वतःच्या प्लॉटमध्ये स्वतःच खोदायचा. आप्पांनी कॉलवरच मान डोलावली. “हे एन. ए. झाल्यासारखं आहे.”

एन. ए. म्हटले की परवानग्या आल्या. आधी स्कॅन: हाड किती उंच, किती रुंद, खालून जाणारी नस किती लांब. हाड कमी असेल तर भर टाकायची, त्याचा खर्च निराळा. मग साखर. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम नीट भरत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी. आदल्या दिवशी उपाशी राहून ती फसवता येत नाही. मग तंबाखू आणि गुटखा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, त्यामुळे तो कोणीच खात नाही, आणि डॉक्टरांना तो रोज सगळ्यांना सोडायला सांगावा लागतो.

पुढचा प्रश्न देशाचा. स्क्रू कोरियाचा, इस्रायलचा की स्वित्झर्लंडचा? पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होणारा आकडा स्वित्झर्लंडच्या दिशेने चढत जातो. मेडिक्लेम आहे ना, असे कोणीतरी विचारतेच. आहे, पण बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च अपघात झाला असेल तरच मिळतो. हे कळताच मामांनी गंभीरपणे विचारले, “मग अपघात अजून होऊ शकतो का?”

एवढ्यात धुळे जागे झाले. मोठे मेहुणे, नानाभाऊ, यांचा फोन आला. जळगावचे लोक दवाखान्यात जाऊन पैसे उधळतात असे धुळ्याचे पूर्वापार मत आहे. धुळ्याचे लोक कुठेच उधळत नाहीत असे जळगावचे. नानाभाऊ म्हणाले, “दाजी, आठे या. कॉलेज शे ना! पोरं दात बसाडतस, मोठा डॉक्टर मांगे उभा ऱ्हास. पैसाबी कमी लागस.”

साक्री रस्त्यावरच्या एसीपीएम दंत महाविद्यालयाविषयी ते बोलत होते, आणि त्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते. कुठल्याही दंत महाविद्यालयात काम स्वस्त होते, कारण ते शिकणाऱ्यांच्या हातून आणि शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली होते. पायरीपायरीला सरांची सही. खासगी दवाखान्यात अर्ध्या तासात घेतले जाणारे माप इथे दुपार घेते, कारण सर बघून म्हणतात, “पुन्हा घे.” तुमचा जबडा म्हणजे कोणाचा तरी अभ्यासक्रम असतो. अशा ठिकाणी दात करून घेतलेले एक पाव्हणे सांगत होते, की त्यांची केस परीक्षेला लागलेली होती आणि विद्यार्थी दर आठवड्याला फोन करून प्रकृती विचारायचा. स्वतःच्या मुलानेही इतके फोन केले नव्हते. फक्त एक प्रश्न त्यांना जरा लागला: “काका, परीक्षेपर्यंत तुम्ही आहात ना?”

जळगाव ते धुळे हे एरंडोल-पारोळ्यावरून 90 किलोमीटरांच्या आसपासचे अंतर. बचत झालेले पैसे मोजायला घेतले तर एसटीचे भाडे, पारोळ्याचा चहा, आणि सासुरवाडीला जायचे म्हणून न्यावी लागणारी पिशवीभर केळी, हे सगळे वजा करावे लागते. शिवाय मुक्काम झाला की शेवभाजी, आणि शेवभाजी झाली की साखरेची तपासणी पुढे ढकलणे आले.

अखेर निर्णय कसा झाला, हे सांगायला हवे. कारण दंतशास्त्राच्या पुस्तकांत तो भाग नसतो. शेजारचे दोन्ही दात निरोगी होते, म्हणून त्यांना तासणे मनाला पटेना. हाड शिल्लक होते, साखर हद्दीत होती. याचा अर्थ इम्प्लांट. पण एवढ्यावर आपल्याकडे काही ठरत नाही. खालच्या जबड्यात हाड स्क्रू धरायला तीन महिने घेते, वरच्या जबड्यात त्याहून जास्त. आणि भाच्याचे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांत धरलेले होते. सौभाग्यवतींनी पंचांग काढले, बोटांवर महिने मोजले, आणि “बसतंय” म्हणाल्या. जगातल्या सर्व इम्प्लांटशास्त्रज्ञांनी जे हाडाच्या घनतेवरून ठरवले असते, ते आमच्याकडे मुहूर्तावरून ठरले. निकाल एकच आला, हा योगायोग. दात जळगावला बसवला की धुळ्याला, ते इथे लिहीत नाही. मला दोन्हीकडे जेवायला जायचे असते.

लग्नात मांडवाखाली दोन्ही जिल्हे हजर होते. पंगत उठल्यावर नानाभाऊंनी मला बाजूला घेतले, खुर्चीवर बसवले आणि मोबाईलचा दिवा लावला. मागे मावशी, वहिनी, मामा, आप्पा असे सगळे वाकून उभे. “आ करा,” म्हणाले. मी केला. दिवा उजवीकडे गेला, डावीकडे गेला, परत उजवीकडे आला. नव्या दाढेचा रंग शेजाऱ्यांशी इतका जुळला होता की दाढ कुठली आणि शेजारी कोण, काही कळेना. डॉक्टरांची सगळी कला त्यातच होती.

नानाभाऊंनी दिवा बंद केला. चेहऱ्यावर फसवले गेल्याचे दुःख होते.

“इतला पैसा, आनि दात दिखस बी नही?” ते म्हणाले. “मंग सोनाना तरी बसाडाना व्हता!”